आधी दिसणारी खूण

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली लैंगिक आरोग्यावर मोकळेपणानं बोलणारं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, तरी आजही कितीतरी पुरुष ताठरतेची तक्रार बायकोपाशीसुद्धा बोलत नाहीत. लिंगाला ताठरता येत नाही किंवा ती टिकत नाही, असं वारंवार होऊ लागलं, तर वयावर ढकलून गप्प बसू नका. तिथल्या धमन्या जेमतेम १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ मिलिमीटरच्या. आतून चरबी साचू लागली की बारीक नळी आधी कुरकुरते. म्हणून हृदयविकाराच्या २ ते ५ वर्षं आधीही ही खूण दिसू शकते. कधी त्यामागे मधुमेह असतो, कधी मनावरचा ताण. रस्त्याकडेच्या तंबूतल्या जडीबुटीवर पैसे घालवणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण त्यात मोलाचे महिने निघून जातात. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाच मोकळेपणानं सांगा; साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या आठवड्यातच तपासून घ्या.