दुखणं लपवणं हा धीर की अहंकार?



थंडीचे दिवस आहेत. बेळगावात सकाळी स्वेटरशिवाय दाराबाहेर पडवत नाही, ग्वाल्हेरकडे तर शेकोट्या पेटल्या असतील. अशा वेळी सियाचेनवरच्या जवानांचा फोटो येतो, आपण हात जोडतो आणि मेसेज पुढे पाठवतो. आज त्या जवानाचा एक साधा दिवस बघू या. त्यात आपल्या घरासाठी एक प्रश्न आहे.

१३ एप्रिल १९८४ पासून आपलं सैन्य तिथे उभं आहे. नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीनंतर गोळीबार थांबला, पण हिवाळा काही शस्त्रसंधी पाळत नाही. चौक्या १८,००० फुटांच्या वर, थंडी उणे ५० अंशांपर्यंत. आजवर तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा थंडी, विरळ हवा आणि कोसळणारा बर्फ यांनीच जास्त जीव घेतले आहेत.

मग जवान दिवसभर करतो काय? बर्फ आणायचा, रॉकेलच्या स्टोव्हवर वितळवायचा, तेव्हा कुठे घोटभर पाणी. तंबू गाडला जाऊ नये म्हणून फावड्याने बर्फ उपसत राहायचं, मध्यरात्रीसुद्धा. उघड्या हाताने लोखंडाला शिवायचं नाही, कातडी चिकटते. भूक मेलेली असते, तरी डब्यातलं अन्न खायचंच. चालताना सगळे एकाच दोराला बांधलेले, कारण बर्फाखाली कुठे खोल भेग असेल ते दिसत नाही. आणि पहारा तर आहेच.

यातच आणखी एक काम असतं, ते म्हणजे पाय बघणं. जवान जोडीने राहतात. जोडीदाराला ते ‘बडी’ म्हणतात. मोजे काढून एकमेकांची बोटं बघायची, रंग बदललाय का, चेहऱ्यावर पांढरा डाग आलाय का. हे दुसऱ्याने का बघायचं? कारण हिमदंश झालेला भाग दुखत नाही. आधी टोचतं, मग बधिर होतं, आणि ज्याचं बोट बधिर झालं त्याला वाटतं, बरं झालं, दुखायचं थांबलं! खरं संकट तिथूनच सुरू होतं.

खोकल्याचंही तसंच. त्या उंचीवर फुप्फुसात पाणी भरू लागतं. वेळीच सांगितलं, ऑक्सिजन मिळाला, खाली उतरवलं, तर माणूस वाचतो. “मला काय धाड भरलीय” म्हणत रात्रभर लपवलं, तर सकाळ दिसेलच असं नाही.

आता सांगा, गप्प राहणारा शूर की “मला श्वास लागतोय” म्हणणारा?

आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की सोसावं, बोलू नये. ते अगदीच चूक नाही. थंडी सगळ्यांनाच वाजते, तिची कुरकुर करत बसणारा चौकीला जड होतो. पण कुरकुर वेगळी आणि खबर वेगळी. ओळखायची कशी? माझ्या लपवण्याचा भार कोणावर पडणार आहे, एवढं विचारावं. एका दोराला बांधलेल्यांपैकी एक पडला की बाकीच्यांना हिसका बसतोच. म्हणून तिथे देह आपल्या एकट्याचा उरत नाही, आणि तो जपणं हेसुद्धा कर्तव्यच ठरतं.

घरही एका दोराचंच असतं, नाही का? आजोबा छातीतली कळ लपवतात, “पोरांना कशाला त्रास”. मुलगा कर्जाचा हप्ता थकलाय ते लपवतो. सूनबाई थकवा गिळून हसत राहतात. याला आपण त्याग म्हणतो. कधी तो खरंच त्याग असतो. पण कधी आत असं असतं, की मला कोणाची गरज पडली असं दिसता कामा नये. तो अहंकार फार सोज्वळ कपडे घालून येतो, म्हणून ओळखू येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्या चौकीत खोकणाऱ्याची टिंगल होते, तिथे पुढच्या वेळी कोणी खोकला सांगणार नाही. घरात कोणी धीर करून बोललं आणि आपण “एवढ्याने काय होतं?” म्हटलं, तर पुढचं दार आपणच बंद केलं.

मनाचंही बोटासारखंच आहे, मंडळी. रोज तोडून बोलायची सवय लागली की ते टोचायचं थांबतं. आपण सुधारलो असं वाटतं, प्रत्यक्षात तो भाग बधिर झालेला असतो. आपला आपल्याला कळत नाही, म्हणून तर सत्संग हवा, आणि “अहो, हल्ली तुम्ही फार चिडता” असं तोंडावर सांगणारं घरचं माणूस हवं. त्याचा राग धरू नये.

या आठवड्यात एवढंच करू या. रात्री जेवणं झाली की घरातल्या एकाला शांतपणे विचारा, “तुम्हाला काही होतंय का? खरं सांगा.” उत्तर येईपर्यंत मोबाईल बाजूला ठेवा. आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर “काही नाही” म्हणण्याआधी क्षणभर थांबा.

सीमेवरच्या प्रत्येक जवानाला आणि त्याच्या बडीला सुखरूप ठेव, हीच सद्गुरूचरणी प्रार्थना. 🙏