‘मुळे’ या अव्ययाविषयी

वैद्यकीय मजकूर मराठीत आणताना रोगांची नावं मला फारशी अडवत नाहीत. अडवतं ते ‘मुळे’ हे एवढंसं शब्दयोगी अव्यय. ‘एमपॉक्समुळे मृत्यू’ असं आपण सहज लिहितो. पण त्यात ‘मूळ’ बसलेलं आहे, आणि मूळ कुठलं ते व्याकरण ठरवत नाही.

अमेरिकेतलं उदाहरण घेते. २०२२च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तीव्र एमपॉक्सने इस्पितळात असलेल्या ५७ रुग्णांची माहिती तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४७ जणांना एचआयव्ही होता. एमपॉक्सचं निदान होण्याआधी एचआयव्हीच्या गोळ्या चालू होत्या फक्त ४ जणांच्या. १३ जण बेघर होते.

एमपॉक्सचे फोड एरवी दोन ते चार आठवड्यांत खपली धरून बरे होतात. प्रतिकारशक्ती पार खालावलेल्या शरीरात ते पसरत जातात, कातडी काळी पडून सडते. त्या उघड्या जखमांतून जीवाणू आत शिरतात. त्यांतला स्टॅफिलोकॉकस तर कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात निमूट राहत असतो. पू धरतो, संसर्ग रक्तात उतरतो. मग माणूस गेला तो कशामुळे? जीवाणूमुळे, एमपॉक्समुळे, की एचआयव्हीमुळे? मृत्यूच्या दाखल्यावर तात्काळ कारणापासून मूळ कारणापर्यंत ओळी खाली उतरत जातात. गोळ्या सुटल्या होत्या, डोक्यावर छप्पर नव्हतं, यासाठी त्यांत ओळ नसते.

अशा संसर्गांना मराठीत ‘संधिसाधू’ म्हणतात, हिंदीत ‘अवसरवादी’. दोन्ही शब्द राजकारणातून ओळखीचे, दोन्हींत दूषण आहे. जीवाणूला कसला आलाय हेतू! संधी कुणी दिली, हा प्रश्न मात्र त्या दूषणाआड झाकला जातो.

कुणी म्हणेल, गोळ्या न घेणं ही ज्याची त्याची निवड. रात्री कुठे निजायचं ते ठाऊक नसलेल्याच्या बाबतीत हा शब्द मला वापरवत नाही. पण ‘समाजामुळे’ म्हणणंही मला आळशीपणाचं वाटतं; त्यात सगळेच दोषी, म्हणून कुणीच नाही. सीडी४ पेशी ३५०च्या खाली असलेल्या ३८२ एमपॉक्स रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २७ दगावले, आणि ते सगळे २००च्या खालचे. उपचार नसतील तर त्या आकड्याखाली घसरायला सहसा काही वर्षं लागतात. माझ्या मते मूळ शोधायचं ते त्या वर्षांत: तपासणी कुठे झाली नाही, गोळ्यांची साखळी कुठल्या खिडकीशी तुटली, कुणाच्या नजरेला भिऊन माणूस परत फिरला.

मूळ लेखात नसलेलं भाषांतरात घालायची मला मुभा नाही. म्हणून मी ‘एमपॉक्स होऊन मृत्यू’ लिहिते. मागे एका संपादकांनी त्याचं पुन्हा ‘एमपॉक्समुळे’ केलं. मथळ्यात दोन शब्द बसत नव्हते म्हणे.