प्रश्न विचारणारा सहकारी

"कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा?" असं म्हणत आपण सहकाऱ्याच्या कामाबद्दलची शंका गिळून टाकतो. पण याला सौजन्य म्हणायचं का?

शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर, कोणीही रोजचं काम करता करता त्याच कामाचा अभ्यास करू लागला, की त्याला स्वतःचीच गृहीतकं दिसत नाहीत. ती दुसऱ्यालाच दिसतात.

१९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये रेग रेव्हान्स यांनी कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना छोट्या गटांत एकत्र आणलं. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांवर विसंबून न राहता एकमेकांच्या अडचणींवर प्रश्न विचारायचे, ही कल्पना. त्यातूनच पुढे 'अ‍ॅक्शन लर्निंग' उभं राहिलं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात १९७६ साली आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली. तीत सापडलेल्या चुका प्रोग्रॅमरच्या मूल्यमापनासाठी वापरायच्या नाहीत, हे पथ्य होतं. मला यातलं नैतिक सूत्र मोलाचं वाटतं: प्रश्न कामाला विचारावा, माणसाला नव्हे.

आपल्या शास्त्रचर्चेतही आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा आणि मगच उत्तर द्यायचं, अशी रीत होती. समोरच्याचं म्हणणं समजून न घेता विचारलेला प्रश्न म्हणजे नुसती उलटतपासणी!

आपली मुलं इथे बेधडक "का?" विचारतात. त्यांना उद्धट म्हणण्याआधी आपणही आपुलकीने प्रश्न विचारायला, आणि न रागावता ऐकून घ्यायला शिकूया. बघा, पटतंय का!