पिल्लाचा दोष

चार-पाच आठवड्यांचे मांजराचे पिल्लू हाताला कडकडून चावते, पडद्यावर चढते, अंथरुणात मुतते, रात्री दोन वाजता घर डोक्यावर घेते, गोधडीचा कोपरा तोंडात धरून चोखत बसते. घरातली माणसे या सगळ्याला खोड म्हणतात. हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. खोड म्हणजे स्वभावातच काही वाकडे असणे, आणि खोड म्हटली की ती मोडायची असते. त्यामुळे पिल्लाचे काय करावे या व्यवहाराच्या प्रश्नाआधी दुसराच एक प्रश्न येतो: ज्याला नियम कळण्याचीच सोय नाही, त्या जिवाला दोष लागतो का? भारतीय विचारपरंपरेने हा प्रश्न बराच दूरवर नेला आहे. त्यातल्या एका मोठ्या वादात तर दृष्टांत म्हणून मांजराचे पिल्लूच आले आहे.

जन्मतः पिल्लाचे वजन सुमारे 100 ग्रॅम असते. डोळे मिटलेले असतात. ते बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान उघडतात. कानही बंदच असतात. अंगातली ऊब त्याला स्वतःला राखता येत नाही. एवढेच काय, आईने पोटाखाली चाटल्याशिवाय त्याला शी-शूसुद्धा होत नाही, आणि जे बाहेर येते ते आईच चाटून साफ करते. आईने मानगूट धरून उचलले की पिल्लू पाय पोटाशी घेऊन निपचित लोंबते. ती त्याच्या शरीराची आपोआप होणारी क्रिया असते, पण पाहणाऱ्याला तिच्यात संपूर्ण शरणागती दिसते.

रामानुजाचार्यांच्या मागून श्रीवैष्णव संप्रदायाचे दोन पंथ झाले, तेव्हा मतभेदाची खूण म्हणून हेच दृश्य पुढे आले. जीव तरतो तो स्वतःच्या प्रयत्नाने की निव्वळ कृपेने, हा वाद होता. वेदान्त देशिकांना मानणारा वडगलै पंथ माकडाच्या पिल्लाचा दाखला देतो: ते आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून ठेवते, तेवढा प्रयत्न त्याचा. पिळ्ळै लोकाचार्यांच्या मागून जाणारा तेंगलै पंथ मांजराच्या पिल्लाकडे बोट दाखवतो: ते काहीच धरत नाही, आईच त्याला धरते. पहिला मर्कटकिशोर न्याय, दुसरा मार्जारकिशोर न्याय. पुढे रामकृष्ण परमहंसांनीही ही दोन पिल्ले आपल्या बोलण्यात वारंवार वापरली.

याच वादाचा एक पोटप्रश्न पिल्लू पाळणाऱ्याला जास्त जवळचा आहे. ईश्वराचे वात्सल्य म्हणजे नेमके काय? ‘वत्स’ म्हणजे वासरू, आणि वात्सल्य म्हणजे गाईला नुकत्याच जन्मलेल्या वासराबद्दल जे वाटते ते. वडगलै मताप्रमाणे वात्सल्य म्हणजे दोषाकडे न पाहणे. तेंगलै मत याच्याही पुढे जाते. गाय वासराच्या अंगावरचा मळ चाटते तेव्हा ती तो सहन करत नसते, तो तिला प्रियच असतो. तसेच ईश्वराला भक्ताचा दोषच भोग्य होतो. हे ऐकताना अतिशयोक्त वाटते. पण विणीच्या पेटीत पिल्लाला चाटणारी मांजरी ज्याने पाहिली असेल, त्याला या मतात शब्दशः खरे असलेले काहीतरी सापडते. त्या वयात पिल्लाची घाण काढणे हे त्याच्यावरचे उपकार नसतात. तीच त्याच्या जगण्याची अट असते, आणि आईवेगळे पिल्लू घरात आले की हे काम कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने माणसाला करावे लागते.

मात्र मार्जारकिशोर न्यायाला वयाची मर्यादा आहे, आणि आचार्यांच्या वादात ती सहसा येत नाही. पिल्लू निपचित लोंबते ते पहिले काही आठवडेच. तिसऱ्या आठवड्यात ते धडपडत चालू लागते, चौथ्यात भावंडांशी झोंबते, दात येतात, आईच्या ताटलीत तोंड घालते, मातीत उकरू लागते. मांजराचे पिल्लू माकडाच्या पिल्लासारखे वागायला लागते ते इथून, आणि ज्यांना खोडी म्हणतात त्या सगळ्यांचा जन्मही इथलाच. पिल्लू काहीच करत नव्हते तोवर त्याला कोणी दोष दिला नव्हता. स्वतः धरू लागल्यावर ते भलतेच धरते, एवढाच त्याचा अपराध.

अपराधाला मात्र अधिकार लागतो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात यज्ञकर्माचा अधिकार कोणाला, याची चर्चा आहे, आणि तिथे पशूंचाही विचार झाला आहे. भाष्यकार शबराने पूर्वपक्षाचा एक मजेदार मुद्दा नोंदवला आहे: कुत्री चतुर्दशीला आणि ससाणे अष्टमीला उपाशी राहताना दिसतात, मग त्यांना धर्म कळतो असे का म्हणू नये? उत्तर असे की ज्याला विधी कळण्याचे साधनच नाही, त्याच्या उपाशी राहण्याला उपवास म्हणता येत नाही. हाच तर्क उलटा लावला तरी टिकतो. ज्याला निषेध कळण्याचे साधन नाही, त्याच्या चावण्याला हिंसेचा दोष कसा लावायचा? मनुष्ययोनीत नवे कर्म जोडले जाते आणि पशुयोनी ही भोगयोनी, ही कर्मविचारातली समजूतही याच दिशेने जाते. पशुयोनीला यात कमी लेखले आहे, हे खरे. तरीही या समजुतीतून एक दिलासा निघतो: सतरंजीवर शू करणारे पिल्लू कोणाचा सूड घेत नसते.

आदि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभी पशूंचे एक निरीक्षण दिले आहे. काठी उगारून येणाऱ्या माणसाला पाहून जनावर पळते, आणि हातात हिरवे गवत घेऊन येणाऱ्याकडे जाते. माणसाचा व्यवहारही मुळात असाच चालतो, हे त्यांना दाखवायचे होते. पिल्लाला मारावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यात आयतेच सापडते. जनावर काठीचा संबंध काठी धरणाऱ्याशी लावते. तासाभरापूर्वी केलेल्या शूशी ती जोडणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ओल्या जागी नाक घासले, पाठीत चापट मारली, तर पिल्लू एवढेच शिकते की हा हात जवळ आला की लपायचे. पुढे ते शू करायचे थांबत नाही. पलंगाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी करते.

‘शिक्षा’ या शब्दाचे मराठीत जे झाले तेही इथे लक्षात घेण्यासारखे आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे आणि शिकवणे. सहा वेदांगांतल्या उच्चारशास्त्राचे नाव शिक्षा आहे. हिंदीने तो अर्थ जपला. मराठीत शिकण्यासाठी शिक्षण उरले आणि शिक्षा दंडाच्या पदरात गेली. पिल्लाच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांचे वैरी आहेत, कारण भ्यालेले पिल्लू शिकत नाही. त्याच्यासाठी मराठीतला योग्य शब्द ‘वळण’ हा आहे. पाण्याला वळण देताना पाण्यावर रागवत नाहीत, चर खणतात.

चावण्याचेच घ्यावे. साधारण चौथ्या आठवड्यापासून पिल्ले एकमेकांशी कुस्ती खेळतात, आणि पुढचे दोन-तीन महिने हा खेळ रंगात असतो. शिकारीच्या सगळ्या चाली त्यात असतात: दबा, झेप, मागच्या पायांनी लाथा, मानेचा चावा. एकाने जास्त जोरात चावले की दुसरे ओरडते आणि खेळ सोडून निघून जाते. आईही सोसत नाही. फिसकारते, उठून जाते, दूध तोडण्याच्या दिवसांत आचळाशी येऊ देत नाही. या रोजच्या देवघेवीतून पिल्लाला जबड्याचा जोर आवरता येऊ लागतो. जे पिल्लू चौथ्या-पाचव्या आठवड्यात एकटेच उचलून आणले जाते, त्याची ही शाळा बुडते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये 5,700 हून अधिक मांजरांची माहिती तपासली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तुटलेल्या मांजरांत आक्रमकता अधिक आढळली, आणि 14 आठवड्यांनंतर सोडवलेल्यांत वागण्याचे प्रश्न कमी दिसले. म्हणजे ज्याला पिल्लाचा दोष म्हटले जाते, तो पुष्कळदा घाईने उचलून नेणाऱ्याने केलेल्या तुटीचा हिशेब असतो.

मग घरातल्या माणसाला भावंडाची जागा घ्यावी लागते. पहिली गोष्ट, बोटे आणि पाय यांना खेळणे होऊ द्यायचे नाही. बोट नाचवून पिल्लाला चिथवायचे आणि तेच पिल्लू तीन महिन्यांनी चावले की ओरडायचे, हा सरळ अन्याय आहे, आणि तो घरोघरी चालतो. दोरीला बांधलेला चिंधीचा बोळा किंवा पीस हातापासून लांब फिरवावे. जमेल तितक्या वेळा, थोडा थोडा वेळ. दात लागलेच तर हात हिसकू नये, कारण पळते ते धरायचे ही शिकाऱ्याची जात. हात सैल, निश्चल ठेवावा, दात सुटले की उठून जावे आणि मिनिट-दोन मिनिटे लक्षच देऊ नये. खेळ संपणे हीच शिक्षा, आणि ती भावंडाने दिली असती तेवढीच. शक्य असेल तिथे एकाऐवजी दोन पिल्ले ठेवणे हा सगळ्यांत चांगला उपाय आहे. लस न झालेल्या किंवा रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. रेबीजच्या बाबतीत दयेला ढिलाई परवडत नाही.

शूच्या बाबतीत काम त्याहून सोपे. उकरून झाकणे पिल्लाच्या अंगातच असते. माणसाने फक्त जागा द्यायची. ट्रेचा काठ इतका बुटका हवा की आखूड पाय सहज आत पडावेत. तो जेवणाच्या ताटलीपासून दूर, पण पिल्लाच्या आवाक्यात असावा, आणि रोज साफ व्हावा. या वयाचे पिल्लू माती तोंडात घालून बघते, म्हणून ओलाव्याने घट्ट गोळा होणारी लिटर वापरू नये. जेवल्यावर आणि झोपेतून उठल्यावर त्याला ट्रेत नेऊन ठेवावे. चुकले तर जागा धुऊन वास घालवावा. एवढे करूनही पिल्लू वारंवार बाहेर करत असेल, कुंथत असेल, जुलाब असतील, तर तो वैद्याचा विषय आहे. गाईचे दूध हे जुलाबाचे नेहमीचे कारण. त्यातली साखर मांजराच्या पिल्लाला नीट पचत नाही. दूध पितानाचे मांजर म्हणींत आणि चित्रांत इतके घट्ट बसले आहे की ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

रात्रीचे ओरडणे ही या वयाची एकमेव प्रार्थना आहे. तेंगलै आचार्य म्हणतील की पिल्लाचे रडणे हे तरण्याचे साधन नव्हे, आई त्यावाचूनही येतेच. आईवेगळ्या पिल्लाला ही खात्री नसते. ते भुकेने, थंडीने किंवा एकटेपणाने ओरडते, आणि तपासायचे याच क्रमाने नव्हे: आधी ऊब, मग पोट. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, खोक्याच्या एका बाजूला, म्हणजे उकडले तर सरकायला जागा राहील. त्यानंतर पिल्लांसाठी मिळणारे दूध, उपडे ठेवून, कधीही उताणे धरून नव्हे. पहिल्या आठवड्यांत रात्रीही दर दोन-तीन तासांनी उठणे आलेच. गोधडी चोखणारे पिल्लूसुद्धा असेच काही मागत असते. त्याच्या तोंडातून कापड ओढून काढण्यापेक्षा जेवणाच्या वेळा आणि खेळ वाढवलेले बरे. मात्र धागा गिळत असेल तर ते कापड उचलूनच ठेवावे.

उपेक्षेचा दोष कोणाच्या माथी, याबद्दल परंपरांचे आश्चर्यकारक एकमत आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे: केलेली, करवलेली आणि अनुमोदिलेली. मुलाने पिल्लाला शेपटीने उचलले आणि मोठ्यांनी हसून पाहिले, तर ती तिसऱ्या प्रकारात मोडते. इस्लामी परंपरेतल्या प्रसिद्ध हदीसमध्ये मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला नरक सांगितला आहे. हदीस सांगणाऱ्यांत अग्रगण्य असलेल्या अबू हुरैरा यांच्या नावाचा अर्थच ‘मांजराच्या पिल्लाचा बाप’. आणि महिपतींच्या 1762 मध्ये पूर्ण झालेल्या ‘भक्तविजया’त पंढरपूरच्या राका कुंभाराची कथा येते. मांजरीने कच्च्या मडक्यात पिल्ले घातली, राकाने नकळत भट्टी पेटवली, आणि मांजरी आव्याभोवती ओरडत फिरू लागली तेव्हा त्याला कळले. त्याने पांडुरंगाला साकडे घातले: पिल्ले वाचली तर संसार सोडीन. आवा उघडला तेव्हा पिल्ले जिवंत होती, आणि बोलल्याप्रमाणे राका संसार सोडून निघाला. या कथेत चमत्काराइतकीच एक गोष्ट मोलाची आहे. मडक्यात व्यायलेल्या मांजरीला राका एका शब्दानेही दोष देत नाही. आग कोणी लावली, एवढेच तो पाहतो.

वात्सल्याच्या दोन व्याख्यांपैकी कोणती पाळावी, याचे उत्तर पिल्लाच्या वयावर ठरते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत तेंगलै मतच खरे. तेव्हा मळ, ओरडणे, जागरण हे सगळे प्रेमाचेच अंग असते. पुढे मात्र दोष प्रिय मानण्यात धोका आहे. इवल्या दातांच्या चाव्याचे कौतुक होते, त्याचे व्हिडिओ काढले जातात, आणि तेच मांजर चार किलोंचे होऊन तसेच चावले की एके दिवशी पिशवीत घालून बाजारात सोडून दिले जाते. दोषाकडे न पाहण्याचे वडगलै मतही तेव्हा अपुरे पडते, कारण चावा पाहावा लागतो, फक्त त्याच्यामागे पापी मन शोधायचे नसते. मांजरी नेमके हेच करते. फिसकारते, पंजाने दाबते, आणि पुढच्याच क्षणी त्याच पिल्लाचे कान चाटू लागते.

मांजरी पिल्लांना सात घरे दाखवते, असे म्हणतात. धोका वाटला की ती खरोखरच जागा बदलते, एकेकाला मानेला धरून. शेवटच्या पिल्लाला न्यायला ती परत येते, तोवर ते एकटे असते. अनेकदा माणूस मधल्या त्या वेळातच तिथे पोहोचतो आणि पिल्लू टाकून दिलेले आहे असे समजून उचलतो. म्हणून पिल्लू उबदार, शांत आणि धोक्याबाहेर असेल, तर घरी आणण्याआधी लांब उभे राहून काही तास आईची वाट पाहावी.