आपल्याच हद्दीत

मुरमाच्या खाणीच्या कड्यावर अर्धी लोंबकळणारी, शेजारच्या शेतातली ती विहीर तुम्हीही मोबाइलवर पाहिलीच असेल. तिच्यावर सगळ्यांचं बोलून झालं, पंचनामा झाला, पुढारी येऊन फोटो काढून गेले. माझं डोकं फिरलं ते नंतर. खाणवाल्यानं डोळ्यांवरचा गॉगल न काढता उत्तर दिलं, "मी माझ्या हद्दीत खोदलंय. एक फूट पलीकडे गेलो असेन तर दाखवा."

नाही दाखवता येणार. माणूस खरं बोलतोय. पैसे भरून हद्द कायमची मोजणी मागवा, भूकरमापक येईल, खुणेचा दगड जागच्या जागी सापडेल. मुरमाबरोबर तो खाली गेला नसेल, तर. गटनकाशावर रेघ आहे, सातबाऱ्यावर नाव आहे आणि त्या रेघेला चिकटून सरळ खाली दोन मजल्यांचा खड्डा आहे. कागदोपत्री सगळं चोख. चूक असलीच तर पलीकडच्या मातीची. तिला सातबारा वाचता येत नाही, म्हणून ती परवानगी न घेता दुसऱ्याच्या गटात घसरली. उद्या गॉगलवाल्यानं तिच्यावर अतिक्रमणाचा दावा ठोकला, तरी मला नवल वाटणार नाही.

आपल्याकडे बांध कोरण्याचं पाप काय असतं, हे कोणाला सांगायला नको. नांगराचं एक तास शेजाऱ्याच्या बांधात गेलं की भावकीत बोलाचाली बंद होते आणि तीन पिढ्या तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. वरून वीतभर बांध कोरला तर डोकी फुटतात. तोच बांध पोकलेननं खालून पोखरला की त्याला धंदा म्हणायचं! त्यातली मेख अशी की, शेजाऱ्याची माती ढासळून खड्ड्यात आली की तीही हायवात भरली जाते आणि ब्रासच्या भावानं विकली जाते. हद्दीत पडली ना?

मे महिन्यात अशा कड्यावर जाऊन बघा. सुका मुरूम भिंतीसारखा उभा राहतो आणि फसवतो. काठापासून चार पावलं आत, काठाला समांतर अशी बोटभर रुंदीची भेग पडलेली असते. वरचा थर काळ्या मातीचा असेल तर भेगा आणखी मोठ्या. मृगाचा पाऊस त्यात उतरतो, पाणी आतून रेटा देतं, माती जड होते. पायथा पोकलेनच्या बकेटनं आधीच ओरबाडलेला. मग सगळा काठच खाली बसतो. तेव्हा म्हणायचं, यंदा पाऊस फार झाला. खाण थांबवली तर रस्त्याचं काम अडेल, पोरांचा रोजगार जाईल, हेही ऐकलं. असू दे.

यातलं काहीच नवं नाही. जमिनीला शेजारच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार असतो, तो मालकाचा हक्क आहे, असं १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात उदाहरणासकट लिहिलंय. खाणींच्या १९६१ च्या नियमावलीत तर मापंच आहेत. माती, मुरूम, वाळूमिश्रित खडी असेल तर बाजूचा उतार ४५ अंशांपेक्षा उभा नको, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या काढा आणि पायरी जेवढी उंच तेवढी तरी रुंद ठेवा. खाणीच्या हद्दीलगत ७.५ मीटरची पट्टी न खोदता सोडा. ४५ अंश कळायला इंजिनिअर लागत नाही, पाचवीतल्या पोराच्या कंपासपेटीतला गुण्या पुरतो.

पण १९५२ च्या खाण कायद्यानं मुरूम-खडीसाठी एक दार उघडं ठेवलं. खोली ६ मीटरच्या आत, कामाला ५० पेक्षा जास्त माणसं नाहीत आणि स्फोटकं नाहीत, तर त्या उघड्या खड्ड्याला त्या कायद्याची बहुतेक कलमं लागू नव्हती. एक पोकलेन, चार माणसं, सुरुंगाची गरजच नाही. हातानं खोदायच्या काळात ही सवलत शहाणपणाची असेलही. आता ६ मीटर खोली कधी ओलांडली, हे बघायचं कोणी? खाण सुरक्षा महासंचालनालयाचं मुख्यालय धनबादला, आणि खड्डा आपल्या ओढ्याच्या कडेला.

मोजणारे नाहीत, असं मात्र नाही. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी, पाटी बदलली, खुर्ची तीच) येतो, मंडळ अधिकारी येतो, प्रकरण मोठं असेल तर यंत्र लावून किती ब्रास उचललं ते मोजतात. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावता येतो. पैसा सरकारी तिजोरीत जातो. ज्या यंत्रानं खड्ड्याचं घनफळ निघतं, त्याच यंत्रातून काठाचा कोनही निघतो. तेवढा आकडा पंचनाम्यात लिहायला शाई कमी पडते की काय? कोनावर रॉयल्टी नाही, हे खरं कारण.

आणि त्या खड्ड्याच्या तोंडाशी 'धोका' असा एक फलक नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे तीन आहेत. फलकांवरून मी दर आठवड्याला चिडतो, अशी संपादकांची तक्रार आहे. चिडतोच. निदान त्यांच्या बांबूंचं कुंपण केलं असतं, तर खड्ड्यात पडणारी गुरं तरी वाचली असती.

बाकी शेवट ठरलेला आहे. वर्ष-दोन वर्षं हेलपाटे घालून शेजारी कंटाळतो आणि उरलेली पट्टी त्याच खाणवाल्याला विकून टाकतो. हद्द पुढे सरकते, खड्डा पुढे सरकतो, पलीकडचा नवा शेजारी कड्यावर येतो. विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. असल्या काठावर औत कोण धरेल? फक्त सौदा करताना भाव एकराचा घ्यायचा की ब्रासचा, एवढं कोणा जाणत्याला विचारून घ्यावं.