मुलास जुनें नांव ठेवावें काय?

मुलाचें नांव ठेवणें हें काम दिसण्यांत लहान, परंतु परिणामानें मोठें आहे. अंगरखा आंखूड झाला म्हणजे काढून टाकतां येतो. नांव मात्र मनुष्याबरोबर वाढतें आणि तो गेल्यावरहि मागें उरतें. शिवाय ज्याला तें जन्मभर वागवावयाचें, त्याचें मत त्या वेळीं घेतां येत नाहीं. म्हणून ही गोष्ट केवळ आवडीनिवडीची नसून नीतीची आहे, व मंडळ्यांनीं तिचा विचार करणें योग्य आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें व नातवंडें आज ठाणें, कल्याण आणि डोंबिवली ह्या शहरांत राहतात. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली, पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली, आणि तेव्हांपासून देशावरचीं व कोंकणांतलीं कुटुंबें पोटामागें ह्या वाटेनें जात आलीं आहेत. तेथें अलीकडे पाळण्यांत आरव, विहान, रेयांश अशीं नांवें इतकीं पडलीं कीं कांहीं तरुण आईबापांस त्यांचा वीट आला. ते आतां मागें वळून पणजोबांचें नांव शोधतात: गणपत, सखाराम, विठोबा, धोंडीबा. पूर्वीं म्हातारीं माणसें जुन्या नांवाचा आग्रह धरीत व तरुण नवें मागत. आतां नातू जुनें नांव मागतो, आणि गांवाहून आलेली आजी कपाळाला हात लावते. दोघांपैकीं बरोबर कोण?

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं जुनेपणा हा कांहीं सद्गुण नव्हे. प्रत्येक जुनें नांव एके काळीं नवें होतें. ठाण्याचाच दाखला पाहा. तेथील व आसपासच्या गांवांतील जुन्या रोमन कॅथोलिक घराण्यांत डिसोझा, परेरा अशीं आडनांवें चालतात. पोर्तुगीजांच्या अमलांत तीं आलीं तेव्हां परकीं होतीं. १७३७ सालीं ठाणें व १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं घेतली. राज्य गेलें, पण नांवें राहिलीं, आणि आज मराठी बोलणाऱ्या घरांत तीं वाडवडिलांचीं म्हणून मानलीं जातात. उलट, ख्रिस्ती झाल्यावर देशी नांव टाकावेंच लागतें असेंहि नाहीं. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ सालीं झाला व नारायण वामन टिळक यांचा १८९५ सालीं. दोघांनींहि आईबापांनीं दिलेलें नांव ठेविलें. टिळकांचें बाळपणींचें कांहीं शिक्षण कल्याणासच झालें होतें. त्यांचे चिरंजीव देवदत्त व नातू अशोक. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनीं मात्र १८४८ सालीं बाप्तिस्म्याच्या वेळीं नेहेम्या हें नांव घेतलें, तथापि नीळकंठ हेंहि सोडलें नाहीं. ह्या तिघांपैकीं कोणाचाहि विश्वास नांवावरून मोजतां येत नाहीं.

मग जुन्या नांवाचें मोल कशांत आहे? तें ज्यानें वागविलें त्या मनुष्यांत आहे. आपल्या महाराष्ट्रांत नांव एकट्याचें नसतें. मुलाच्या नांवापुढें बापाचें येतें, आणि तोच मुलगा बाप झाला म्हणजे त्याचें नांव त्याच्या मुलांच्या नांवांपुढें लागतें. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींत बापाच्या नांवाआधीं आईचेंहि नांव लिहावें असें राज्य सरकारनें ठरविलें, आणि तें योग्यच झालें. सारांश, जें नांव आपण पाळण्यांत ठेवितों तें पिढ्यांच्या माळेंत ओवितों. अशा माळेंत एखाद्या सच्च्या पणजोबांचें नांव पुन्हां ओवावें अशी इच्छा होणें हें कृतज्ञतेचें लक्षण आहे.

आतां असें समजा कीं डोंबिवलीच्या एका घरीं मुलगा झाला. बापाची इच्छा कीं त्याचें नांव धोंडीबा ठेवावें. कारण त्या नांवाच्या पणजोबांनीं कुटुंबांत प्रथम पुस्तक हातीं घेतलें, गांवाचा रोष सोसला, आणि मुलांस शाळेंत घातलें. हेतु उत्तम आहे. परंतु आजोबा म्हणतात, "नको." ते असें कां म्हणतात हें ऐकल्यावांचून निवाडा करणें अन्याय होईल.

धोंडू, दगडू, केरू, भिकू हीं नांवें दोन वाटांनीं आलीं आहेत. एक वाट मायेची. ज्या घरांत मुलें जगत नसत, तेथें आई मुलाला धोंडा किंवा केर म्हणे, अशासाठीं कीं मृत्यूला तें नेण्याजोगें वाटूं नये. ती समजूत खोटी होती, पण तिच्या मागचे अश्रु खरे होते. दुसरी वाट तुच्छतेची. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मणाचें नांव मंगल, क्षत्रियाचें बलवाचक, वैश्याचें धनवाचक, आणि शूद्राचें निंद्य असावें असें सांगितलें आहे. गांवकुसाबाहेरच्या मनुष्याचें नांव चांगलें असलें तरी तें मोडून हांक मारावयाची, पिकल्या केसांच्या मनुष्यासहि "अरे धोंड्या" म्हणावयाचें, ही रीत आमच्या वाचकांस पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. आजोबांच्या कानांत ती हांक अजून आहे. नातवाला त्या नांवांत घराण्याचा अभिमान दिसतो. आजोबांना वाड्यापुढें वहाणा हातांत घेऊन उभा असलेला आपला बाप दिसतो.

कोणी म्हणेल, धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचें नांव तरी दुसरें काय होतें? त्यांनीं १९१६ सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ स्थापिलें, व १९५८ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं गणित व ज्योतिष ह्यांत कीर्ति मिळविली. नांवामुळें त्यांचें काय अडलें? हें खरें आहे. नांव मनुष्यास घडवीत नाहीं, मनुष्यच नांवास घडवितो, हें त्यावरून दिसतें. परंतु पुरतें खरें बोलावयाचें तर हेंहि म्हटलें पाहिजे कीं एकास लोक अण्णासाहेब म्हणत व दुसऱ्यास केरूनाना. दुसऱ्या पुष्कळांच्या वांट्यास तेंच नांव उघडें आलें. एकच धोंडा एकाच्या घरीं पायरी होतो, आणि दुसऱ्याच्या डोक्यांत घातला जातो.

ह्या प्रश्नावर पवित्र शास्त्रांतील दोन घरें आम्हांस वाट दाखवितात. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत नातलग आठव्या दिवशीं जमून मुलास बापाचेंच नांव देऊं लागले. आई अलीशिबा नको म्हणाली, आणि मुका झालेल्या जखऱ्यानें पाटी मागून योहान असें लिहिलें; तें नांव त्यांच्या कुळांत कोणाचेंहि नव्हतें. तेवढ्यानें जखऱ्याच्या कुळाचा अपमान झाला नाहीं. उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायांत राहेल मरतां मरतां मुलास बेनोनी, म्हणजे दुःखाचा पुत्र, असें नांव देते. याकोब त्याला बन्यामीन म्हणतो. तो राहेलीस विसरला नाहीं, तिच्या कबरेवर त्यानें स्तंभ उभा केला. पण तिचें दुःख त्यानें दगडावर ठेविलें, मुलाच्या माथ्यावर ठेविलें नाहीं.

तेव्हां आमचें मत असें कीं जुनें नांव देण्यापूर्वीं आईबापांनीं आपणांस तीन प्रश्न विचारावे. ज्याचें नांव देतों त्याची हकीकत मुलास सांगतां येईल इतकी आपणांस ठाऊक आहे काय? ती ठाऊक नसेल तर जुनें नांव हाहि नव्या नांवासारखाच एक शौक आहे. ज्यांनीं तें नांव वागवितांना पाहिलें त्या वडील माणसांची संमति घेतली काय? ज्यांनीं घाव सोसला त्यांस विचारल्यावांचून त्या घावाचा दागिना करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. आणि मोठेपणीं मुलानें तें नांव बदललें तर राग न धरण्याइतकें आपलें मन मोठें आहे काय?

घाईचें कारण नाहीं. कायद्याप्रमाणें जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते, परंतु ती नांवावांचूनहि होते, व पुढें १२ महिन्यांच्या आंत नांव विनाशुल्क घालतां येतें. तेवढ्यांत गांवीं जाऊन आजोबांजवळ बसावें. ते नकोच म्हणाले तर मुलास दुसरें नांव द्यावें, आणि पणजोबांची हकीकत लिहून ठेवावी. तीहि मोठी ठेव आहे. ते हो म्हणाले तर आनंदानें धोंडीबा नांव ठेवावें.

त्यापुढचें काम मात्र आईबापांचें नव्हे, आपणां सर्वांचें आहे. नांव आईबाप एकदां ठेवितात. नांवें ठेवण्याचें काम शेजारी जन्मभर करितात. उपदेशक बंधूंनीं, शिक्षकांनीं व मंडळीच्या वडिलांनीं त्या मुलास हांक मारावी ती पूर्ण नांवानें, न मोडतां, मग तो डोंबिवलीच्या शाळेंत असो कीं गांवच्या चावडीपुढें. असें झालें तर आजोबांनीं ऐकलेलें नांव आणि नातवाच्या कानीं पडलेलें नांव हीं अक्षरानें एकच असूनहि दोन निराळीं नांवें होतील.