अचूकपणाचे पुण्य

अचूकपणा हा सद्गुण आहे, की नुसते कौशल्य? सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न सहसा पडत नाही. आकडा जुळला, कलम बरोबर लागले, की काम चांगले झाले असे मानण्याची आम्हांला सवय झालेली असते. या सवयीकडे जरा दुरून पाहता यावे म्हणून आम्ही येथे एक निराळेच क्षेत्र घेत आहोत. ते आहे हजार यार्डांवरील लक्ष्याचा रायफलीने वेध घेणाऱ्यांचे.

या छंदात मुरलेली माणसे, विशेषतः अमेरिकेत, कारखान्यातील तयार काडतुसावर विसंबत नाहीत. आपले काडतूस आपल्या हातांनी भरतात. एकदा उडालेले पितळी कवच स्वच्छ करावयाचे, साच्यात दाबून पुन्हा मापात आणावयाचे, तळाशी नवी टोपी बसवावयाची, दारू तोलून घालावयाची आणि शेवटी तोंडाशी गोळी बसवावयाची, असा हा क्रम असतो. तोलण्याचे माप ग्रेन. आपल्या जुन्या तोळ्यात असे १८० ग्रेन येतात. म्हणजे एक ग्रेन गुंजेच्या निम्म्याहून किंचित अधिक. हे लोक त्या ग्रेनाचाही दहावा भाग मोजतात!

गोळी मात्र ते जड निवडतात. हलकी गोळी नळीतून अधिक वेगाने सुटते हे खरे. पण त्याच व्यासाची जड गोळी लांबट असल्यामुळे हवेत आपला वेग सावकाश गमावते आणि आडवा वारा तिला कमी ढकलतो. हजार यार्ड जाण्यास सुमारे दीड सेकंद लागतो, आणि वाऱ्याला आपले काम करण्यास तेवढा वेळ पुष्कळ होतो. या जडपणाला एक पथ्य मात्र आहे. जड गोळीमागे दारू कमी घालावी लागते. हलक्या गोळीचे भरपूर माप तिला लावले, तर दाब वाढून रायफल भरणाऱ्याच्याच तोंडाशी फुटावयाची.

येथे आम्हांला या छंदाचे नैतिक मोल दिसते. विकतचे काडतूस वापरणाऱ्याचा नेम चुकला, तर त्याला कारखान्याकडे बोट दाखविता येते. स्वतः भरणाऱ्याला ती सोय नाही. रात्री, कोणी पाहत नसताना केलेली हयगय दुसऱ्या दिवशी त्याच्याच पदरात पडते. आमच्या कचेऱ्यांत खालचा टिप्पणी लिहितो, वरचा सही करतो आणि चूक मधल्यामध्ये हरवते. तिला धनी मिळत नाही. काडतूस भरणारा आपल्या चुकीचा धनी असतो. एवढे पुण्य त्याच्या पदरी निश्चित आहे.

पण एवढ्याने अचूकपणा सद्गुण ठरतो काय? २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरील क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज होते. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश मंडळी तोंडाने ठासण्याच्या रायफली घेऊन आली होती. प्रत्येक बार हातांनी भरावयाचा, आणि गोळी ५०० ग्रेनांहून जड, म्हणजे सुमारे तीन तोळ्यांची. अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी सामना जिंकला. मात्र ९०० यार्डांवर मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने एक गोळी थेट मध्यबिंदूत मारली होती. मध्यबिंदूचे गुण चार. ते मिळते, तर आयर्लंड ९३५ वर पोचून एका गुणाने विजयी होते. ते मिळाले नाहीत. कारण तो मध्यबिंदू शेजारच्या लक्ष्याचा होता. दारू बरोबर, गोळी बरोबर, दृष्टी आणि श्वास बरोबर. चुकला तो फक्त लक्ष्याचा क्रमांक.

या मिल्नरला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. अनेक वर्षांपूर्वी आमच्या सहीने एका विधवेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज फेटाळला गेला. कलम बिनचूक होते, भाषा निर्दोष होती. वरिष्ठांनी त्या आदेशाच्या मसुद्याची वाखाणणीही केली. पुढे उघडकीस आले की एकाच नावाच्या दोन मृत कर्मचाऱ्यांचे कागद अदलाबदल झाले होते. आमचा आदेश दुसऱ्याच माणसाच्या सेवेवर बेतलेला होता. आठ महिन्यांनी तो फिरविला गेला. पण ते आठ महिने त्या बाईने कसे काढले, हे तिला विचारण्याचा धीर आम्हांला आजवर झाला नाही. त्या आदेशात एखादी ढोबळ चूक असती, तर कोणीतरी तो परत पाठविला असता. त्याच्या निर्दोषपणामुळेच तो कोणी अडविला नाही.

म्हणून आम्हांला वाटते, अचूकपणा हा सद्गुण नव्हे. तो सद्गुणाचा उत्तम सेवक आहे, आणि सेवक कोणाचेही काम तितक्याच निष्ठेने करतो. दारू गुंजेच्या विसाव्या भागापर्यंत तोलावी, ती जरूर तोलावी. पण चापावर बोट ठेवण्यापूर्वी मान वर करून समोरचा क्रमांक एकदा पाहावा. त्याला तराजू लागत नाही, विद्या लागत नाही. कदाचित म्हणूनच ते राहून जाते.